गुरुवार, पाच वाजेपर्यंत

नावं संपली तेव्हा एर्नेस्तिनानं
हार्डवेअरच्या दुकानाची यादी काढली.
म्हणून या आठवड्यात आमच्याकडे
एक तोर्निलो आहे, म्हणजे स्क्रू,
आणि एक बिसाग्रा, म्हणजे बिजागरी.
नाव असलं की कार्ड लिहिता येतं.
कार्ड असलं की जाणारा निदान थबकतो.

कार्डं मी लिहिते.
न्यू मेक्सिकोच्या या धुळकट गावात,
मालगाड्यांचे रूळ आणि बंद पडलेलं मोटेल
यांच्या मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी आंधळ्याला आंधळा लिहीत नाही.
लिहिते : 'फर्निचर हलवू नका,
बाकीचं तो बघून घेतो.'
खोटं नाही अगदी.
तोर्निलो भिंतीला नाक लावून चालतो,
पाण्याचं भांडं सापडलं की
शेपूट हलवतो.
भांड्यासाठी.

लाल क्लिप म्हणजे गुरुवार.
पाचनंतरचं डॉक्टर मोंतान्यो बघतात.
चांगला माणूस. आधी हात धुतो,
मग प्रत्येकाशी हळू आवाजात स्पॅनिशमध्ये बोलतो,
मग पुन्हा हात धुतो,
फार वेळ.

(तूच का नेत नाहीस, हे विचारू नका.
घरी तिघं आहेत.
घरमालकाला दोघंच माहीत आहेत.)

मंगळवारी सेनाइदा लुसेरो आल्या
जुने टॉवेल द्यायला. टॉवेलांवर हॉस्पिटलचा शिक्का.
गठ्ठा ठेवता ठेवता बिसाग्राचं कार्ड वाचलं :
'रोज दोन इंजेक्शनं. बारा तासांचं अंतर.'
"सहा आणि सहा?"
म्हटलं, किंवा सात आणि सात. तुमच्या सोयीनं.
"सहा आणि सहाच.
गजर अजून लावलेलाच आहे."
नवरा मार्चमध्ये गेला. अकरा वर्षं इन्सुलिन.
"वाजतो. मी उठते. फ्रिज उघडते.
आणि तशीच उभी राहते, पाय गार पडेपर्यंत."

कसं द्यायचं ते दाखवायला बाटली काढली
तर त्यांनी ती माझ्या हातून घेतली,
हलवली नाही,
तळव्यांमध्ये फिरवली, तोर्तियाचा गोळा वळावा तशी.
बिसाग्रानं मानेची कातडी धरू दिली.
एकदाच मागं वळून बघितलं,
एवढा उशीर का, अशा नजरेनं.

क्लिप मी खिशात टाकली.

जाताना त्या तोर्निलोपाशी थांबल्या.
तो उठून बसला, बुटांच्या आवाजाकडे तोंड करून,
जरा चुकीच्या दिशेला.
"आणि हा?"
मी कार्ड पुढं केलं.
त्यांनी ते दोनदा वाचलं.
"माझ्या घराला पायऱ्या आहेत," म्हणाल्या,
"चौदा."
आकडा असा सांगितला, जणू तो त्यांचा गुन्हा होता.
मी म्हटलं, असू दे.
असू देण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

आज बुधवार.
पाचला कुलूप लावलं आणि तोर्निलोला
मागच्या दाराशी नेलं, तिथं तीन पायऱ्या आहेत.
त्यानं पहिलीवर पंजा ठेवला, काढला, ठेवला.
रुळांवरून एक लांबलचक गाडी गेली,
ती संपेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.
मग पहिली. मग बराच वेळ काहीच नाही.
मग दुसरी.
तिसरीला तो बसून राहिला,
आणि मला घाई आहे हे त्याला सांगावं
असं वाटेना.

जुनं कार्ड फाडलं. नवीन लिहिलं :
'आंधळा आहे. वय नऊ. तीन पायऱ्या चढतो.'
तीन खोडून दोन केलं.
खाली लिहिलं : 'शिकतो.'

सेनाइदांचा नंबर फॉर्मवर आहे.
असा फोन करायचा नसतो, नियम आहे,
तो मीच टाइप करून भिंतीला चिकटवलाय.

पावणेसहा.
आधी त्यांचं इंजेक्शन होऊ दे.